मुरुडचा टीव्ही

वीज काही आता लवकर येत नाही. डीपी उडाल्याचा आवाज मी ऐकला. सत्यम, तो मोबाइलचा उजेड बंद कर, किडे येतात. शिवांगी, तू अशी कठड्यापासून इकडं सरक. सांगतो. पण ही कुठं वाचलेली गोष्ट नाही. माझ्या शेजाऱ्याची आहे. लातूरला बार्शी रोडवर राहायचो ना आम्ही, तेव्हा आमची आणि सुदर्शनची कंपाउंडची भिंत एकच होती. माणूस आहे अजून. नोकरीला जातो, रस्त्यात भेटला तर हसून बोलतो. म्हणून एवढंच सांगून ठेवतो, कधी गाठ पडली तर त्याच्यासमोर यातलं काही काढायचं नाही.

तर सुदर्शन त्या रात्री मुरुडला निघाला, तो अगदी साध्या कामासाठी. गावाकडच्या घरातला टीव्ही बंद करायला.

मार्गशीर्षातला दुसरा गुरुवार होता. त्याच्या बायकोनं, शिल्पानं, लक्ष्मीचा घट मांडला होता. संध्याकाळची आरती झाली, उपास सुटला, जेवणं झाली. थंडी मोप पडली होती, गल्लीत कुत्रंसुद्धा बाहेर नव्हतं. यानं स्वेटर चढवलं, कानाला मफलर गुंडाळला आणि मोटरसायकल बाहेर काढली. शिल्पानं विचारलं, "आत्ता? सकाळी जा की." तो म्हणाला, "सकाळी गेलो तर कोण घुसलंय ते कळणार न्हाई."

आता टीव्ही मुरुडला, आणि तो चालू असल्याचं याला लातूरला बसून कसं कळलं, ते आधी सांगायला पाहिजे.

सुदर्शन एका शिकवणीवर्गात कॉम्प्युटर सांभाळतो. कॉलेजात असताना घेतलेला त्याचा एक लॅपटॉप होता. लई जुना. एका बाजूची बिजागरी तुटलेली, दोन-तीन कळा निघालेल्या, बॅटरी फुगली म्हणून काढून टाकलेली. वायर लावली की चालायचा, वायर निघाली की जागच्या जागी बंद. दुसऱ्या कुणी भंगारात घातला असता. यानं त्यातलं विंडोज पुसलं, लिनक्स टाकलं, एक मोठी हार्ड डिस्क जोडली आणि घरातलं होतं नव्हतं ते त्यात भरलं. सिनेमे, कीर्तनं, फोटो, लग्नाकार्याच्या जुन्या कॅसेटी. झाकण मिटून तो बैठकीतल्या शोकेसच्या खालच्या कप्प्यात ठेवून दिला. रात्रंदिवस चालू. कान देऊन ऐकलं तर त्याच्या पंख्याची घरघर यायची. घरचं स्वतःचं केबलच म्हणा ना. इकडं लातूरला शिल्पा मोबाइलवर बघायची आणि तिकडं मुरुडला याचे आईवडील टीव्हीवर. नेट असलं की झालं. आणि सुदर्शनच्या मोबाइलवर दिसायचं की या घडीला कोण काय बघतंय. 'मुरुड टीव्ही' असं नाव, त्याखाली चित्र, आणि हळूहळू पुढं सरकणारी एक रेघ.

हा सगळा खटाटोप त्यानं केला तो वडलांसाठी. शेषेरावअण्णा. मी ओळखायचो त्यांना. अबोल माणूस. दिवसभरात चार वाक्यं बोलले तर खूप. त्या कॅसेटींमध्ये एक होती, शेतातल्या विहिरीला पाणी लागलं त्या दिवशीच्या पूजेची. त्यात सिंधूकाकू, म्हणजे सुदर्शनची आई, अगदी तरुण आहे. हिरवं लुगडं, नाकात नथ. बायका तिच्या मागं लागल्यात, नाव घे, नाव घे. ती पदराआड हसते, मान हलवते, आणि मग एका दमात शेषेरावांचं नाव घेते. सगळी माणसं हसतात. एवढंच आहे त्यात.

अण्णा रोज रात्री जेवण झालं की बाजेवर आडवे व्हायचे आणि तेवढंच बघायचे. नाव घेऊन झालं की रिमोटनं मागं न्यायचे. पुन्हा बघायचे. सिंधूकाकू आतून ओरडायची, "ओ, झोपा की आता. मी हितं जित्ती हाय, अन् तुमी टीव्हीत काय बघत बसलाय?" अण्णा काही बोलायचे नाहीत. उभ्या जन्मात बायकोला गोड शब्द बोलला नसेल तो माणूस. पण रोज बघायचा.

उन्हाळ्यात अण्णा गेले. रात्री आडवे झाले ते सकाळी उठलेच नाहीत. काकू उठवायला गेली तेव्हा टीव्ही चालूच होता.

तेरावं झालं आणि सुदर्शन आईला लातूरला घेऊन आला. घर काही जुनं नव्हतं, स्लॅबचं, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. वरच्या टाकीतलं पाणी सोडून दिलं, मेन स्विच खाली ओढला, गादी गुंडाळून पेटीवर ठेवली, कुलूप घातलं.  गाडीत बसल्यावर काकू एकदा मागं वळून म्हणाली, "घरात दिवा लावायला कोनी ऱ्हायलं न्हाई."

दिवाळीनंतर एका रात्री सुदर्शननं सहज मोबाइल बघितला. 'मुरुड टीव्ही.' चालू. खाली तेच चित्र, विहीर, हिरवं लुगडं.

त्याला वाटलं जुनं यंत्र आहे, कुठंतरी अडकलं असेल. लॅपटॉप बंद करून परत सुरू केला. गेलं. दुसऱ्या रात्री परत आलं. अडकलेलं असतं तर रेघ एका जागी थांबली असती. ही रेघ पुढं जात होती. एका ठिकाणी यायची, तिथून मागं फिरायची. पुन्हा पुढं. पुन्हा मागं.

तेव्हा त्यानं घरात कुणाला सांगितलं नाही. वाटलं, कुणीतरी कुलूप काढून आत राहतंय, फुकटचा टीव्ही बघतंय. त्या गुरुवारी शेवटी शेजारच्या चांगुणाकाकूला फोन लावला.

"काकू, आमच्या घरात कोनी आल्यालं दिसलं का?"

"न्हाई रे बाबा. कुलूप हाय की." मग म्हणाली, "उजेड दिसतो पर कवा कवा. खिडकीतून. निळा निळा. मला वाटलं तूच येऊन जातोस."

"मेन स्विच बंद हाय काकू."

"मंग मला न्हाई म्हाईत," असं म्हणून तिनं फोन ठेवला.

म्हणून तो निघाला.

रस्त्याला उसाच्या ट्रॉल्या होत्या. मागं दिवा नाही, काही नाही, एकदम पुढ्यात येतात, तुम्हाला माहीत आहे. हरंगुळ गेलं, बोरगाव काळे गेलं. चांदणं चांगलं होतं. मध्ये एकदा त्यानं गाडी बाजूला घेऊन मोबाइल बघितला. रेघ चालू होती. त्याला बरंच वाटलं, म्हणजे चोर अजून आतच आहे. डिकीत त्यानं एक पाना ठेवला होता.

मुरुडच्या बाजारात एक पानटपरी तेवढी उघडी होती. घराच्या गल्लीच्या तोंडाशी त्यानं गाडी बंद केली आणि ढकलत नेली, आवाज नको म्हणून.

कुलूप जागच्या जागी होतं. हात लावून बघितलं. गंजाची पूड हाताला लागली. त्या कुलपाला उन्हाळ्यानंतर कुणी हात लावलेला नव्हता.

खिडकीत उजेड नव्हता.

त्यानं कुलूप काढलं. दार ढकललं. बंद घराचा एक वास असतो, तो आला. मोबाइलची टॉर्च लावली. फरशीवर धूळ, एकसारखी, चाळणीनं पसरल्यासारखी. त्यावर पाऊल नाही. उंदराचंसुद्धा नाही. मेन स्विच खालीच होता. टीव्हीची पिन बोर्डातून काढून वायर गुंडाळून ठेवलेली, त्यानं स्वतःच ठेवलेली, तशीच होती.

टीव्ही काळाच होता.

तो हसला म्हणे. इतक्या थंडीत आपण कशाला आलो म्हणून. जाता जाता उगाच टीव्हीच्या मागं हात लावला.

ऊन होता.

तापलेलं यंत्र असतं ना, तसा ऊन. त्यानं हात काढून घेतला. दुसऱ्या हातातला मोबाइल बघितला. 'मुरुड टीव्ही.' चालू. रेघ पुढं चालली होती... त्या ठिकाणी आली... थांबली... मागं गेली.

समोर काळा टीव्ही. आवाज नाही, चित्र नाही.

मग त्यानं टॉर्च बाजेकडं फिरवली. गुंडाळून पेटीवर ठेवलेली गादी बाजेवर अंथरलेली होती. उशीच्या जागी उशी. आणि गादी मध्ये दबलेली होती. माणूस आडवा असला की दबते, तेवढी.

त्यानं टॉर्च विझवली नाही. हलवलीही नाही.

ज्या कामाला आला होता ते काम त्यानं तिथंच उभ्या उभ्या केलं. अंगठ्यानं. मोबाइलवर 'थांबवा' असं असतं, ते दाबलं. रेघ थांबली. नाव गेलं.

काही क्षण काहीच झालं नाही.

मग बाज करकरली. झोपलेला माणूस उठून बसतो... तशी.

दार कसं ओढलं, कुलूप कसं घातलं, त्याला आठवत नाही. गाडी लातूरच्या बायपासला आली तेव्हा त्याच्या लक्षात आलं की मफलर कुठंतरी पडला. घरी आल्या आल्या तो शोकेसपुढं बसला आणि त्या लॅपटॉपची वायर ओढून काढली. घरघर बंद झाली. शिल्पा विचारत होती, कोण होतं, सापडलं का. तो म्हणाला, कोनी न्हाई. झोप.

पहाटेला त्याला जाग आली, ती थंड वाऱ्यानं. बैठकीत गेला. दाराची कडी काढलेली. दार अर्धं उघडं. आणि समोर खुर्चीत सिंधूकाकू, अंधारात. बाहेर जायचं लुगडं नेसलेली, मांडीवर पिशवी.

"माय, कुठं निघालीस?"

"गावाकडं."

"ह्या वक्ताला?"

"हे आलते न्यायला." काकू अगदी रोजच्यासारखी बोलत होती. "टीव्ही बंद पडलाय म्हणत्येत. एकट्याला करमंना म्हणत्येत."

पोरांनो, तिला कुणी काही सांगितलं नव्हतं. ना मुरुडला गेल्याचं, ना लॅपटॉप बंद केल्याचं.

दुसऱ्या रात्री तेच. तिसऱ्या रात्री तेच. सुदर्शननं दाराला आतून कुलूप घातलं तर काकू दाराशी उभी राहून बाहेरच्या कुणाशी तरी हळूहळू बोलत बसायची. जेवण तुटलं. अंगात कणकण राहू लागली. डॉक्टरनं रक्त तपासलं, छातीचा फोटो काढला, काही निघालं नाही. म्हातारी दिवसादिवसानं वाळत चालली. शिल्पाला तेव्हा नुकतेच दिवस गेले होते, उलट्यांनी ती बेजार. पण डोकं तिचंच ठिकाणावर होतं. एके दिवशी तिनं नवऱ्याला समोर बसवलं.

"त्या गुरुवारी मुरुडला काय झालं, ते मला खरं सांगा."

त्यानं सांगितलं.

तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "लॅपटॉप चालू करा."

"शिल्पा, अगं, तुला कळतंय का तू काय..."

"मला कळतंय. ते तिकडं बघत बसले होते तोवर इकडं कुणी आलं नव्हतं. चालू करा, अन् आत्याबाईंना दोन घास खाऊ द्या."

त्यानं वायर लावली. घरघर सुरू झाली. रात्री जेवणवेळेनंतर नाव उमटलं, 'मुरुड टीव्ही'. आणि त्या रात्री सिंधूकाकू गाढ झोपली. सकाळी उठून तिनं भाकरी मागून खाल्ली.

तेव्हापासून तो लॅपटॉप म्हणजे त्या घरातला देव झाला. सुदर्शन आठवड्याला झाकण उघडून धूळ काढायचा, पंख्यात तेलाचा थेंब सोडायचा. जास्त तापू नये म्हणून शोकेसचं दार काढून टाकलं. बॅटरी नव्हती ना त्याला, म्हणून मोठा इन्व्हर्टर बसवला. मला त्यानं तेव्हा सांगितलं होतं की शिल्पासाठी, उन्हाळ्यात पंखा लागेल म्हणून. मी खरं मानलं.

मग अक्षय तृतीयेच्या दुसऱ्या दिवशीचं ते वादळ. तुमच्या आईला आठवत असेल, आमच्या गच्चीवरचे पत्रे गेले ते. संध्याकाळी आभाळ पिवळं झालं आणि असा वारा सुटला की बार्शी रोडचे खांब आडवे झाले. अर्धं लातूर काळोखात. वीज आज येत नाही, हे सगळ्यांना कळून चुकलं होतं.

सुदर्शननं घरातले दिवे, पंखे, फ्रीज, सगळं बंद केलं. इन्व्हर्टरवर एकच गोष्ट ठेवली. शिल्पा आठव्या महिन्यात, घामानं निथळत पुठ्ठ्यानं वारा घेत बसलेली. काकू आत झोपलेली. हा शोकेससमोर जमिनीवर. घरघर ऐकत.

मध्यरात्र उलटून गेली. पाऊस थांबला. इन्व्हर्टर टीं टीं वाजायला लागला. थोडा वेळ वाजला...

मग तोही थांबला.

आणि घरघर थांबली.

सुदर्शन मला म्हणाला, "अप्पा, इतके महिने तो आवाज कानात होता. तो गेला तेव्हा कळलं, घर किती गप असतंय."

दोघं तसेच बसून राहिले.

फाटकाची कडी वाजली.

अंगणात चिखल झाला होता. त्यातून चप्पल ओढत कुणीतरी आलं. सावकाश. घाई नव्हती. पायरीशी थांबलं. आणि खाकरलं. आपल्याच घरी उशिरा आलेला माणूस, दार उघडा म्हणायच्या ऐवजी खाकरतो... तसं.

शिल्पानं तोंडावर हात धरला. सुदर्शन उठला. दाराला पाठ लावून उभा राहिला. का ते त्यालाही ठाऊक नाही.

दारावर थाप पडली. एकच.

आतल्या खोलीतून काकू बाहेर आली. लुगडं नेसलेली. हातात पिशवी.

"दार उघड, सुदर्शन."

"न्हाई माय."

"ते उभे हायेत."

"मला म्हाईत हाय."

दुसरी थाप. जोरात नव्हती. पण फळीतून गारठा त्याच्या पाठीत उतरला. वैशाखाच्या उकाड्यात... सदऱ्यातून... हाडापर्यंत.

तेवढ्यात शिल्पानं मोबाइल काढला. सासऱ्यांच्या तेराव्याला नातेवाइकांना पाठवायला तिनं त्या कॅसेटीतला तेवढा तुकडा मोबाइलमध्ये घेतलेला होता. तिनं तो लावला आणि मोबाइल दाराशी धरला.

बायकांचा कालवा. नाव घे, नाव घे. हसणं. आणि मग तरुण सिंधूचा आवाज, एका दमात.

बाहेर तिसरी थाप पडली नाही.

कुणीतरी पायरीवर बसलं. गुडघ्यांचा कटकन आवाज आला. एक लांब श्वास सोडल्याचा आवाज आला.

तुकडा संपला... थाप पडली.

शिल्पानं परत लावला. थाप थांबली. संपला. थाप. परत लावला. असं किती वेळ चाललं, कुणी मोजलं नाही. दाराच्या आत तिघं, बाहेर एक, आणि मध्ये तेच नाव पुन्हा पुन्हा. काकू उभ्या उभ्या ऐकत होती. तिच्या हातातली पिशवी हळूहळू खाली आली. तिनं तो तुकडा कधी धड बघितलाच नव्हता, म्हणायची. स्वयंपाकघरातूनच आवाज ऐकायची.

मोबाइलच्या कोपऱ्यात तांबडं दिसायला लागलं. सुदर्शनचा मोबाइल तर संध्याकाळीच गेलेला. शिल्पानं उजेड कमी केला. अजून एकदा लावला. अजून एकदा...

नाव अर्ध्यात तुटलं. मोबाइल गेला.

अंधार.

बाहेरचा माणूस पायरीवरून उठला.

सुदर्शननं डोळे मिटले. पाठ दाराला रेटली. थाप पडायची तो वाट बघत होता. आणि त्याच्या खांद्यावर हात आला. आईचा. तिनं त्याला हळूच बाजूला सारलं. दार उघडलं नाही. तोंड फळीजवळ नेलं.

"ऐकलं का," ती म्हणाली.

बाहेर... काही नाही.

"सुनंचे दिवस भरत आलेत. तिला आई न्हाई. तेवढं होऊ द्या. लेकरू माझ्या हातानं न्हाऊ घालते. मंग येते मी."

काही नाही.

"माझी मी येते. तुमी पुन्यांदा इकडं येऊ नगा. पोरं भेत्येत."

कितीतरी वेळ गेला. मग चिखलात चप्पल ओढल्याचा आवाज झाला. सावकाश. फाटकापर्यंत. कडी वाजली.

काकूनं पिशवी खुंटीला अडकवली आणि जाऊन झोपली. ही दोघं मात्र उजाडेपर्यंत दारापाशी बसून होती. सकाळी मी पत्रे गोळा करायला बाहेर आलो तेव्हा सुदर्शन ओट्यावर बसलेला दिसला. चेहरा असा, की मी हातातलं टाकून त्याच्याजवळ गेलो. तेव्हा त्यानं मला हे पहिल्यापासून सगळं सांगितलं.

वीज आल्यावर त्यानं लॅपटॉप चालू केला. रात्री मोबाइल बघितला. 'मुरुड टीव्ही' आला नाही. दुसऱ्या दिवशी नाही, पुढं कधीच नाही. कुणी म्हणेल, सुटले. पण सुदर्शनला त्याचंच भय जास्त वाटायचं. आधी कुणीतरी बघत होतं. आता कुणीतरी वाट बघत होतं.

आषाढात शिल्पाला मुलगी झाली. सिंधूकाकूनं तिला पायावर घेऊन रोज न्हाऊ घातलं. तेल, बेसन, धुरी, सगळं. इतकी हसताना मी तिला कधी पाहिली नव्हती. सुदर्शननं एकदा धीर करून विषय काढला. "माय, त्या रातीचं इसरून जा. बोलून गेलीस, झालं." काकू लेकराचं अंग पुसत होती. म्हणाली, "आरं, त्यांनी जलमभर मला काई मागितलं न्हाई. एकदा मागितलं."

बारसं झालं. पोरीला काजळ घातलं, पाळण्यात ठेवलं, पाहुणे जेवून गेले. श्रावण लागून दोन-चार दिवस झाले असतील. त्या रात्री काकू लेकराजवळ झोपली आणि सकाळी उठली नाही. तोंडावर काही त्रास नाही. हात लेकराच्या पाळण्याच्या दोरीवर.

तिच्या इच्छेप्रमाणं मुरुडलाच नेलं, शेतात. मीही गेलो होतो. अग्नी दिला, माणसं पांगली. पाऊस भुरभुरत होता. सुदर्शन मला म्हणाला, "अप्पा, घर उघडायचंय. दिवा लावायचाय. माझ्यासंगं येता का?"

मार्गशीर्षातल्या त्या रात्रीनंतर त्या घराला कुणी हात लावला नव्हता. चांगुणाकाकू तिच्या दारात उभी राहून बघत होती, पुढं आली नाही. कुलूप तसंच, गंजलेलं. मी उंबऱ्याशी थांबलो, तो आत गेला. बाजेवर गादी नव्हती, पेटीवर गुंडाळून ठेवलेली होती, नीट.  दिवा लावायला काड्यापेटी घ्यावी म्हणून तो स्वयंपाकघरात गेला.

बराच वेळ आला नाही. म्हणून मी गेलो.

तो ओट्यासमोर उभा होता. नळाला पाणी नव्हतं, टाकी वर्षापासून कोरडी. गॅसची टाकी त्यानंच नेलेली. ओट्यावर दोन कप विसळून पालथे घातलेले होते. त्यांचं पाणी ओघळून ओट्याच्या कडेवरून खाली टिपकत होतं.

त्यांच्या शेजारी तिसरा कप सरळ ठेवलेला होता. चहानं भरलेला.

वाफ निघत होती.